एकच प्रत

रुसे
१९ ऑक्टोबर २००८

ती. पावलिनाताईस,
धाकट्या नेवेनाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि ल्युतेनित्सा चटणीच्या सहा बाटल्या पोचल्या. एक गाडीतच फुटली होती, त्यामुळे पत्र मिरच्यांच्या वासासकट वाचलं. फोन का करत नाहीस म्हणून रागावू नकोस. फोनवर तुला अर्धं ऐकू येत नाही आणि उरलेलं अर्धं तू शेजारणीला ओरडून सांगतेस. आज जे लिहायचंय ते साऱ्या द्र्यानोवोला कळायला नको.

तुझ्या आग्रहाने पेपरात जाहिरात दिली ना मी, त्याचं फळ असं, की सध्या मी तीन पुरुषांना भेटते आहे. हो, तिघांना, एकाच वेळी, आणि तिघांनाही ते ठाऊक आहे. नवरा स्पेनला गेल्यापासून आठ वर्षं मी कुणाबरोबर साधी कॉफी प्यायले नाही. आता कॉफीनेच पोट भरतं.

पहिला स्पास. पन्नाशीचा, कवळ्या बनवतो. स्वच्छ, शांत, पण बोलताना डोळ्यांऐवजी दातांकडे बघतो. दोनदा भेटलो, दोन्ही वेळा आई बरोबर. सेव्दाबाई चौऱ्याऐंशीच्या आहेत, कोर्टात चाळीस वर्षं टायपिस्ट होत्या. घटस्फोटाचा कागद कोणत्या तारखेचा, मूळ प्रत कुठे आहे, सगळं विचारून झालं आणि वर माझ्याच वाटणीचा केकही खाल्ला त्यांनी.

दुसरा मिंचो. ट्रॉलीबस चालवतो. जाडा, बडबड्या, थांब्यांची नावं सांगता सांगता प्रवाशांची थट्टा करतो. मला आवडायला लागला होता गं. पण गुरुवारी त्याची बरणी परत करायला घरी गेले आणि बघते तर काय! दारावर तीन शोकपत्रकं. तिन्ही बायकांची. तिघींचं आडनाव त्याचं. तिन्ही फोटो तिशीतले, आणि उन्हापावसाने वयाचे आकडे पार उडालेले. एका माणसाच्या घरात तीन तरुण बायका मेल्या, ताई! मी बरणी पायरीवर ठेवली आणि घंटा न वाजवता मागे फिरले. तेव्हापासून त्याची ट्रॉली दिसली की मी चालत जाते.

तिसरा जाहिरातीतून आलेला नाही, दुकानात भेटला. एकोणीस वर्षं मी हीच पत्रकं छापते आहे. माणूस गेल्याच्या चाळीस दिवसांची, सहा महिन्यांची, वर्षाची. लोक येतात, फोटो देतात, वीस-तीस प्रती घेऊन जातात, दारं आणि खांब आणि बसथांबे भरतात. मजकूर तर मला झोपेतही पाठ आहेत. पण सहा तारखेला ल्युबेन आला. बायकोला चौदाला वर्ष होणार म्हणाला. त्याने मजकूर स्वतःच्या हाताने लिहून आणला होता: ‘रादोस्तिना. एक वर्ष झालं. तुझा चष्मा अजून खिडकीत तसाच आहे.’ बस, एवढंच. अक्षरं जुळवताना माझ्या डोळ्यांना धार लागली. एकच प्रत घेतली त्याने. दुःख गावभर चिकटवायचं नसतं म्हणाला. दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी कॉफी घेऊन आला आणि तेव्हापासून रोज येतो आहे. त्याच्या घराचं दार बघितलंस तर कळेल. ताजा पांढरा रंग, एक डाग नाही, एक कागद नाही.

मला माहीत आहे तू काय म्हणशील ते. पण आठ वर्षांनी कुणीतरी मला रोज विचारतं आहे, जेवलीस का म्हणून. भावजींना नमस्कार. माया अशीच ठेव, आणि रागवायचंच तर थोडक्यात रागव.

तुझी
नेवेना

---

द्र्यानोवो
२५ ऑक्टोबर २००८

चि. नेवेना हिस,
पावलिनाताईचे अ. उ. आ.

पत्र दोनदा वाचलं. गेंचोला, तुझ्या भावजींनाही, मोठ्याने वाचून दाखवलं, त्यामुळे शेजारणीनेही ऐकलं असणार. त्याला माझा इलाज नाही.

तू वेडी आहेस का गं? ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्या मेल्या की घरचे त्यांचा लग्नातला फोटो घेऊन येतात, हे मला कुणी सांगितलं? तूच ना? आपल्या आजीच्या पत्रकावर कोणता फोटो होता आठव. वीस वर्षांची, डोक्यात फुलं माळलेली. पोस्टमन विचारत होता, ही कोण तरुण मुलगी गेली म्हणून. आणि मिंचोच्या दारावर तीन फोटो बघून तुझी बोबडी वळते! त्याला सरळ विचार. माणूस बडबड्या आहे म्हणतेस, मग सांगेल.

मला बोचतो आहे तो तुझा तिसरा. गेंचोची आई गेली तेव्हा आम्ही चाळीस पत्रकं लावली आणि तरी मावशी रुसली, तिच्या गल्लीत लावलं नाही म्हणून. एक प्रत कोण घेतं, नेवेना? आणि ती एक लावली कुठे? तूच म्हणतेस, दारावर कागद नाही. तारीखही उलटून गेली. दुःख घरात ठेवायचं असेल तर माणूस फोटो चौकटीत घालतो, छापायला नाही देत. मी नुसतं विचारते आहे. तुझी कॉफी कडू करायची नाही मला.

एक तारखेला मृतांचा शनिवार आहे. त्या दिवशी कोण शिजवलेला गहू घेऊन स्मशानात जातो आणि कोण जात नाही, ते बघून ठेव. स्वेटर पाठवते आहे. बाह्या लांब वाटतील, दुमडून घाल.

तुझं भलं व्हावं एवढंच मागणं,
ताई

---

रुसे
३ नोव्हेंबर २००८

ती. ताईस,
नेवेनाचा सा. न. वि. वि.

स्वेटर मिळाला. बाह्या लांब नाहीत, माझ्याएवढीच दुसरी नेवेना आत मावेल. तरी घालूनच बसले आहे.

आधी माझी फजिती सांगते. शनिवारी स्मशानाच्या फाटकात मिंचो भेटला. दोन्ही हातांत गव्हाचं पातेलं. मी धीर करून विचारलं, आणि तो एवढा मोठ्याने हसला की आसपासच्या बायका रागावल्या. त्या तिघी म्हणजे त्याची आजी, आई आणि थोरली बहीण. आजी ब्याण्णवची होऊन गेली. बहीण मात्र खरंच तरुणपणी गेली, तेव्हा तो शाळेत होता. पत्रकं का काढत नाहीस विचारलं, तर म्हणाला, कामावरून आलो की त्या दारात उभ्या असतात, बरं वाटतं. मला वाटीभर गहू दिला, त्यात अक्रोड जास्त घातले होते. ताई, मला इतकी लाज वाटली की मी ती वाटीही त्याला परत द्यायला विसरले.

आता ल्युबेन. तो स्मशानात नव्हता. मी गहू शिजवला होता, बरोबर येते म्हणाले होते. तर म्हणाला, कबर इथे नाही, स्लिव्हेनला आहे, आणि आपल्याला ते सोसत नाही. प्रत कुठे लावली विचारलं तर म्हणाला, जिथे लावायला हवी होती तिथे लावली. मग डोळे भरून आले त्याचे. मला अपराध्यासारखं वाटलं आणि तो विषय मी पुन्हा काढला नाही.

तू म्हणतेस म्हणून खरं खरं लिहिते. माझ्या दाराचं कुलूप खडखडत होतं, ते त्याने न सांगता बदलून दिलं. नवं कोरं, चार किल्ल्या. किती काळजी घेतो, नाही? पण आता दुपारी दुकानात येऊन खुर्ची टाकून बसतो, पाच पाच वाजेपर्यंत. कुणी पुरुष गिऱ्हाईक हसून बोललं तर ते गेल्यावर विचारतो, हा कोण. जाहिरात काढून टाक म्हणतो. परवा मी स्पासच्या आईकडे जाऊन आले ते त्याला मी सांगितलं नव्हतं. तरी त्याने विचारलं, म्हातारीने केक कसला दिला म्हणून. मी हसून दिलं उत्तर. बदामाचा.

घरी आल्यावर मात्र ते हसू काही केल्या आठवेना. हे प्रेमच असेल ना गं? मला सवय राहिली नाही, म्हणून जड वाटत असेल. तू मोठी आहेस, तूच सांग.

तुझ्या मायेवर विसंबून,
नेवेना

---

द्र्यानोवो
८ नोव्हेंबर २००८

चि. नेवेना हिस,
अ. उ. आ.

नाही. ते प्रेम नाही.

गेंचोने तीस वर्षं कुलपं विकली आहेत. तुझं पत्र ऐकल्यावर तो जेवता जेवता थांबला आणि एकच बोलला. दाराच्या नव्या कुलपाच्या पाकिटात पाच किल्ल्या असतात. पाकीट फोडलेलं असेल तर तो परत घेत नाही, कारण चार किल्ल्यांचं कुलूप कुणी विकत घेत नाही.

तुझ्याकडे चार आहेत.

मी आता रागावत नाही, आणि तू लाजूही नकोस. आठ वर्षं एकटी राहिलेल्या बाईला कुणी जेवलीस का विचारलं तर ती पाघळणारच. मीही पाघळले असते. पण माझा जीव थाऱ्यावर नाही. तू काही बोलू नकोस त्याला, भांडू नकोस, किल्लीचं नावही काढू नकोस. हे पत्र मिळाल्यापासून घरी झोपायचं नाही, दुकानातल्या पेन्काकडे जा. मी गुरुवारच्या गाडीने येते. गेंचो नवं कुलूप देतो आहे, पाकीटबंद, ते माझ्या पर्समध्ये असेल. ते बसवायला तुझ्या त्या बडबड्याला बोलाव. ज्याच्या दारावर त्याचं सगळं घर उभं आहे, त्याच्यावर माझा विश्वास आहे.

कंबर दुखते आहे, जिने चढायला वेळ लागेल. पण येते.

तुझी
ताई

---

स्लिव्हेन
९ नोव्हेंबर २००८

शोकपत्रकं छापणाऱ्या बाईंस,
स. न. वि. वि.

आपली ओळख नाही. पत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरात तुमच्या दुकानाचा पत्ता आहे, तिथे लिहिते आहे. हे पत्र दुसऱ्या कुणाच्या हातात पडलं तर त्यांनी ते तुम्हालाच द्यावं, अशी विनंती.

मी रादोस्तिना. तुम्ही छापलेली ती बाई मीच. मी जिवंत आहे.

चौदा ऑक्टोबरला सकाळी मी कामावर गेले. आमचा शिवणकामाचा कारखाना आहे. फाटकाशी सगळ्याजणी जमल्या होत्या. त्या एकदा दाराकडे बघत होत्या, एकदा माझ्या तोंडाकडे. दारावर माझा फोटो होता, काळी चौकट, वेलीचं चित्र, माझं नाव. एक बाई रडायलाच लागली, कारण तिने पत्रक आधी वाचलं आणि मी मागून आले.

तारीख खोटी नाही. गेल्या वर्षी त्याच दिवशी मी रुसेतलं घर सोडलं. माझा चष्मा तो लपवून ठेवत असे, म्हणजे मला एकटीला बाहेर जाता येऊ नये. तो खिडकीत ठेवलाय हे मला त्या पत्रकावरूनच कळलं. मी चष्म्याशिवाय गाडीत बसले, डब्याचा नंबर एका अनोळखी बाईने वाचून सांगितला. वर्षभर त्याला माझा पत्ता नव्हता. आता आहे.

पोलिसांकडे गेले. ते म्हणाले, असला चावटपणा कुणीही करेल, त्यानेच केला कशावरून? म्हणून विचारते. तुमच्याकडे काही राहिलं आहे का? पावती, नोंद, काहीही? नसेल तर नसेल. तुम्हाला दोष देत नाही. तुम्हाला कसं कळणार होतं? छपाई सुबक होती. फोटोत मी छान दिसते आहे, तसा माझा फोटो पुन्हा कुणी काढला नाही.

उत्तराची वाट पाहणारी,
रादोस्तिना

---

रुसे
२० नोव्हेंबर २००८

प्रिय रादोस्तिना हिस,
नेवेनाचा स. न. वि. वि.

तुमचं पत्र ज्या दिवशी आलं त्या दिवशी माझी बहीणही आली. मी ते वाचून जमिनीवरच बसले. तिने माझ्या हातातून घेतलं, वाचलं, आणि बराच वेळ माझ्या डोक्यावर हात ठेवून उभी राहिली.

माफी कशी मागू? तुमचा मजकूर जुळवताना मी रडले होते, आणि त्या रडण्याच्या भरात तुमच्या त्या माणसाला घरात घेतलं. तोही मलाच निवडून आला असणार. माझ्या दाराची पाचवी किल्ली त्याच्याकडे होती. तुमचं पत्र आलं नसतं तर मी अजूनही स्वतःला समजावत बसले असते.

आता कामाचं. आमच्याकडे गिऱ्हाईक मजकूर लिहून आणतं, तो कागद मी वर्षभर टाकत नाही. नावात चूक निघाली की लोक आमच्यावर ढकलतात, म्हणून बुटांच्या खोक्यात ठेवायची माझी सवय. तुमचा कागद मिळाला. त्याच्याच हातचा, तारखेसह, मागे त्याने स्वतः लिहिलेला फोन नंबर, आणि माझा शेरा: ‘प्रत एक’.

तो मी पोस्टाने पाठवत नाही. सेव्दाबाई म्हणून एक आहेत. त्यांच्या मुलाला मी नकार दिला. तो इतका सुटल्यासारखा हसला की मला दोघांचीही दया आली. पण म्हातारीने मला सोडलं नाही. कोर्टात त्या चाळीस वर्षं टायपिस्ट होत्या. ही हकिकत ऐकली, डोक्याला रुमाल बांधला आणि मला हाताला धरून सरळ सरकारी वकिलाच्या कचेरीत घेऊन गेल्या. अर्ज त्यांनी स्वतःच्या मशीनवर टाइप केला, एकही खाडाखोड नाही. मूळ कागद तिथे जमा आहे, पोच पाकिटात घातली आहे. तुमच्या वकिलाने ती दाखवायची, एवढंच.

आणि त्याला मी काय सांगितलं तेही लिहिते, तुम्हाला कळायला हवं. घरात सांगायचं नाही असं ताईने बजावलं होतं. मिंचो म्हणून माझे एक स्नेही ट्रॉलीबस चालवतात. त्यांनी सुचवलं, सकाळी अकराला बाजाराच्या वेळी माझ्या गाडीत सांग, सगळ्या पिशव्यावाल्या बायका असतात. तसंच केलं, त्याला गाडीतच बोलावलं, ताईही बरोबर होती. मी उभी राहून म्हणाले, आपण पुन्हा भेटायचं नाही. तो हसला. रागावला असता तर बरं वाटलं असतं. मग त्याने हळूच विचारलं, नवं कुलूप जड जातं का गं?

कुलूप बदललेलं मी त्याला सांगितलं नव्हतं.

मी दांडी घट्ट धरून मागे सरले. मिंचो आरशातून बघत होते. गाडी भर रस्त्यात थांबली, दारं उघडली आणि भोंग्यातून आवाज आला, मागे उभे असलेले राखाडी कोटातले गृहस्थ उतरल्याशिवाय ही गाडी पुढे जाणार नाही. बायकांना कारण ठाऊक नव्हतं, त्यांना घरी जायची घाई होती. एकजात सगळ्या त्याच्यावर तुटून पडल्या. एकीने कोबीची पिशवी त्याच्या पायावर ठेवली. तो उतरला. मी मागे वळून बघितलं नाही, पण ताईने पाहिलं. तो फुटपाथवर उभा होता आणि फार लहान दिसत होता म्हणाली.

कुलूप बदललं आहे. दुकानात मी एकटी बसत नाही. तुम्हीही एकट्या जाऊ नका, कारखान्यातल्या कुणालातरी बरोबर घ्या. भीती अजून वाटते. पण आता आपल्या दोघींना एकाच माणसाची वाटते, म्हणून मला ती अर्धी झाल्यासारखी वाटते.

तुमची ऋणी,
नेवेना

---

स्लिव्हेन
१२ फेब्रुवारी २००९

प्रिय नेवेना,
स. न. वि. वि.

काल कोर्टाने आदेश दिला. अठरा महिने तो माझ्या घराजवळ किंवा कारखान्याजवळ येऊ शकत नाही. आला तर पकडतील. त्याने कागद आपला नाहीच म्हटलं, पण अक्षर जुळलं, आणि मागचा फोन नंबर वाचून दाखवल्यावर न्यायाधीशबाईंनी चष्मा काढून त्याच्याकडे नुसतं बघितलं. तुमच्याबद्दलही विचारलं त्यांनी. तुमच्या घराच्या आणि दुकानाच्या बाबतीत तुमचा वेगळा आदेश मिळू शकेल म्हणाल्या. तो जरूर घ्या, टाळू नका.

सगळं संपलं असं लिहिणार नाही. अजून सकाळी फाटकाशी पोचले की आधी दाराकडे बघते. पण मैत्रिणी आता माझ्याबरोबर थांबून बघतात, दारावर काही नसतं, आणि मग आम्ही आत जातो. नवा चष्मा केला. चौकट लाल आहे. दुकानदार म्हणाला जरा भडक आहे, मी म्हटलं तोच द्या.

तुम्ही छापलेलं पत्रक फेकून देणार होते, पण फोटो कापून घेतला. तो आता आईच्या घरी चौकटीत आहे. आई म्हणते, माझ्या मुलीचा असा फोटो दुसरा नाही.

एकदा या इकडे. डोंगरात बर्फ वितळलं की बरं असतं.

तुमची
रादोस्तिना

---

रुसे
३ मार्च २००९

ती. पावलिनाताईस,
नेवेनाचा सा. न. वि. वि.

आज सुट्टी, दुकान बंद, म्हणून निवांत लिहिते. तुझा मार्चचा लाल-पांढरा दोरा मिळाला, शुभ म्हणून मनगटावर बांधला आहे. मिंचोला तू वेगळा पाठवलास आणि त्याचा माझ्यापेक्षा जाड, हे लक्षात आलं आहे माझ्या. तो प्रत्येक प्रवाशाला दाखवतो.

माझाही आदेश झाला. सेव्दाबाईंनी अर्ज टाइप केला आणि फी म्हणून बदामाचा केक मागितला. ल्युबेनने घर रिकामं केलं असं कळलं. कुठे गेला ठाऊक नाही. मी अजून जिन्यात थांबून कानोसा घेते, मग वर जाते. सेव्दाबाई म्हणतात, ती सवय जाणार नाही आणि जाऊही देऊ नकोस.

आता काल काय झालं ते ऐक. दुपारी दुकानात गर्दी होती, चाळीस दिवसांची तीन कामं एकदम आली होती. रांगेत मिंचो, वर्दीतच, टोपी हातात. मला वाटलं बहिणीच्या पत्रकाला आला, तिचा दिवस मार्चातच येतो. त्याची पाळी आली तेव्हा त्याने खिशातून घडी केलेला कागद काढून माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाला, एक प्रत हवी. एकच.

ताई, मी त्याच्याकडे बघितलंच नाही, कागद उलगडायलाही तयार होईना. एक प्रत या शब्दाचं मला काय झालं आहे ते त्याला कुठे माहीत? सगळी रांग बघत होती. शेवटी उलगडला. वेडंवाकडं अक्षर, दोन ठिकाणी तेलाचा डाग. लिहिलं होतं:

‘आप्तेष्ट, शेजारी आणि आजी, आई, ताई यांना कळवण्यात येते, की रविवार दिनांक ८ मार्च रोजी दुपारी एक वाजता नेवेना या घरी जेवायला येणार आहे. चीजची बानित्सा मी स्वतः करणार आहे, त्याबद्दल आधीच दिलगिरी. फुलं आणू नयेत.’

मागे, नेहमीच्या जागी, स्वतःचा फोन नंबर.

मी काउंटरवर डोकं टेकून रडले. रांगेतल्या बाईंना वाटलं याच्या घरी कुणी गेलं, त्या त्याच्या खांद्यावर थोपटायला लागल्या. तो बिचारा त्यांचे आभार मानत होता. दारावर तिघींच्या शेजारी लावायला हवा होता म्हणाला, त्यांना बातमी कळावी म्हणून. एकाच दारावर लावायचा, म्हणून एकच प्रत.

मी डोळे पुसले आणि सांगितलं, एक प्रत मी आता कुणाची छापत नाही. वीसच्या खाली काम घेत नाही. ज्याला काही सांगायचं आहे त्याने सगळ्यांना सांगावं, नाहीतर माझ्याकडे येऊ नये.

त्याने टोपी घातली. मग म्हणाला, माझ्या मार्गावर बावीस थांबे आहेत, आणि दार धरून तेवीस. तेवीस काढ.

चौकट काळी घातली नाही, ते सांगायला नको. वेलीचं चित्र मात्र ठेवलं, दुसरं नव्हतंच. आज सकाळपासून सगळ्या रुसेला कळलं आहे की मी रविवारी जेवायला कुठे जाणार. चौकातली फुलवाली म्हणाली, बानित्सा जमणार नाही त्याला, तू घरून खाऊन जा. मी जिन्यात आज कानोसा घेतला तेव्हा वरच्या मजल्यावरच्या बाई खाली वाकून ओरडल्या, वर ये गं, इथे आम्ही सगळ्याच आहोत.

चोविसावी प्रत तुझ्यासाठी काढली, याच पाकिटात आहे. तुमच्या दारावर लाव, म्हणजे तुला शेजारणीला ओरडून सांगायला नको. भावजींना सांग, कुलूप छान चालतं. पाचही किल्ल्या माझ्याजवळ आहेत, आणि त्यातली एक कुणाला कधी द्यायची ते मीच ठरवणार आहे. घाई नाही. रविवारी जेवते, मग बघते.

जशी आजवर पाठीशी उभी राहिलीस तशीच राहा,
तुझी
नेवेना